कल्चरमध्ये वारंवार ‘स्यूडोमोनास स्पीशीज’ येतंय, पण जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्ही रेझिस्टंट? इथून तपासायला घ्या

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. पावसाळ्यात किंवा त्याच्या आगेमागे मधुमेही रुग्णाच्या रक्तातून, पुवातून किंवा थुंकीतून एक नॉन-लॅक्टोज फर्मेंटर (लॅक्टोज शर्करा न आंबवणारा जंतू) वाढतो. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह. जंतू ओळखणारं मशीन कधी ‘बर्खोल्डेरिया सेपेशिया ग्रुप’ म्हणतं, कधी ‘लो डिस्क्रिमिनेशन’ (नक्की नाव ठरत नाही) म्हणून हात वर करतं, तर माल्डी-टॉफवर (प्रथिनांच्या वजनावरून जंतू ओळखणारं यंत्र) ‘बर्खोल्डेरिया थायलँडेन्सिस’ असं अनोळखी नाव उमटतं. वॉर्डातून रिपोर्टसाठी फोनावर फोन येत असतात, म्हणून शेवटी ‘स्यूडोमोनास स्पीशीज’ लिहून रिपोर्ट जातो. काही आठवड्यांनी तोच रुग्ण यकृतात, प्लीहेत किंवा प्रोस्टेटमध्ये गळू घेऊन परत येतो आणि प्लेटवर पुन्हा तेच वाढतं.

अशा वेळी सगळ्यात आधी बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलायचा विचार करायचा. यापासून होणारा आजार म्हणजे मेलिऑइडोसिस. कोकण, गोवा, कारवार-उडुपीची किनारपट्टी, केरळ, तमिळनाडू या पट्ट्यात हा जंतू मातीत आणि भातखाचरांच्या पाण्यात असतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे १ लाख ६५ हजार लोकांना हा आजार होतो आणि त्यातले सुमारे ८९ हजार दगावतात. यातला फार मोठा भाग लॅबमध्ये ओळखलाच जात नाही. ओळखायला महागडं यंत्र लागतं असं मात्र नाही. ज्या प्लेटवर आणि डिस्कवर आपण रोज काम करतो, त्यांच्यावर उत्तर बहुतेक वेळा आधीच उमटलेलं असतं.

आधी सुरक्षितता, मग ओळख

संशय आला की त्या क्षणापासून प्लेट बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये उघडायची. कॅटालेज, ऑक्सिडेज, स्लाइडवरचं इमल्शन, व्हायटेक या ओळख यंत्रासाठीचं सस्पेन्शन, व्होर्टेक्स हे सगळं आतच. प्लेटचं झाकण दोन्ही बाजूंनी टेपने चिकटवा आणि वर मार्करने ‘उघडू नये, कॅबिनेटमध्येच’ असं लिहा, म्हणजे रात्रपाळीचा टेक्निशियन ती बाकावर उघडणार नाही. सेंट्रिफ्यूज करायचं झालं तर झाकणबंद बकेटमध्येच, आणि बकेट उघडायची तीही कॅबिनेटमध्ये.

वास घेऊ नका. या जंतूच्या प्लेटला पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास येतो असं जुन्या पुस्तकांत लिहिलेलं आहे. त्यामुळे शिकाऊ टेक्निशियन हमखास झाकण उचलून नाक जवळ नेतात. त्या वासाने ओळख पटत नाही. मातीचा वास इतर काही जंतूंनाही येतो, आणि श्वासातून संसर्ग होण्याचा धोका फुकटचा.

सांडलवंड झाली, सुई टोचली किंवा डोळ्यात-तोंडात थेंब उडाला, तर लगेच साबण-पाण्याने धुवा, मायक्रोबायोलॉजिस्टना कळवा आणि रजिस्टरमध्ये नोंद करा. पुढचे २१ दिवस दिवसातून दोनदा ताप मोजायचा. धोका जास्त असेल तर को-ट्रायमोक्साझोल २१ दिवस दिलं जातं, तो निर्णय डॉक्टरांचा. त्या कर्मचाऱ्याला मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा थॅलॅसेमिया असेल तर किरकोळ वाटणारा संपर्कही गंभीर धरायचा. म्हणून ही माहिती लॅबच्या प्रमुखांकडे आधीच असावी.

पहिली खूण: तीन डिस्क

संशय घ्यायला यापेक्षा स्वस्त आणि जलद साधन नाही. लागणाऱ्या डिस्क जवळपास प्रत्येक लॅबच्या फ्रीजमध्ये असतात:

जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅम
कोलिस्टिन १० मायक्रोग्रॅम (किंवा पॉलिमिक्सिन बी ३०० युनिट)
को-अमॉक्सिक्लाव २०/१० मायक्रोग्रॅम

ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलस दिसला की सबकल्चर करतानाच प्लेटच्या दाट भागावर या तीन डिस्क ठेवून द्या, एकमेकींपासून पुरेशा अंतरावर. ३५ ते ३७ अंशांवर १८ ते २४ तास. इथे झोन (डिस्कभोवतीची वाढ नसलेली जागा) मिलिमीटरमध्ये मोजायचा नाही, फक्त आहे की नाही एवढं बघायचं. जेंटामायसिनभोवती काही नाही, कोलिस्टिनभोवती काही नाही आणि को-अमॉक्सिक्लावभोवती मात्र मोठा, स्वच्छ झोन: असा नमुना आला तर बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय दुसरं काही सिद्ध होईपर्यंत.

हा नमुना इतका खास का? या जंतूच्या भिंतीत एक एफ्लक्स पंप असतो, तो अमायनोग्लायकोसाइड बाहेर फेकतो, म्हणून जेंटामायसिन निकामी. पेशीच्या बाहेरच्या आवरणातल्या लिपिड-ए या भागाची रचना बदललेली असते, म्हणून पॉलिमिक्सिन चिकटत नाही. आणि त्याचं बीटा-लॅक्टमेज क्लॅव्हुलॅनिक आम्लाने दाबलं जातं, म्हणून नुसत्या अमॉक्सिसिलिनला दाद न देणारा जंतू को-अमॉक्सिक्लावपुढे हरतो. स्यूडोमोनास एरुजिनोसा नेमका उलटा वागतो: को-अमॉक्सिक्लावला दाद देत नाही आणि कोलिस्टिनला सहसा देतो.

मल्टिड्रग रेझिस्टंट स्यूडोमोनासच्या काळात हा नमुना नजरेतून सुटतो, हे खरं दुखणं आहे. जेंटामायसिन रेझिस्टंट दिसलं की ‘हॉस्पिटलमधला असेल’ म्हणून पुढे जायची सवय लागली आहे. त्यात स्यूडोमोनासच्या पॅनेलमध्ये को-अमॉक्सिक्लाव ठेवतच नाहीत, त्यामुळे जी डिस्क सगळं सांगून टाकेल तीच प्लेटवर नसते. कोलिस्टिनला दाद न देणारा नॉनफर्मेंटर (शर्करा न आंबवणारा जंतू) घरून थेट आलेल्या, पूर्वी हॉस्पिटलमध्ये न राहिलेल्या रुग्णाकडून मिळाला, तर रिपोर्ट थांबवा.

एक अपवाद लक्षात असू द्या. मलेशियातल्या सारावाकमध्ये जेंटामायसिनला दाद देणारे स्ट्रेन नेहमीचे आहेत, कारण त्यांच्या पंपाच्या जनुकातच बदल आहे. परदेशातून आलेल्या रुग्णात जेंटामायसिनचा झोन दिसला म्हणून हा जंतू नाकारू नये.

दुसरी खूण: प्लेट २४ तासांत फेकू नका

२४ तासांनंतर ब्लड अगारवर दिसतात त्या लहान, गुळगुळीत, मलईसारख्या कॉलनी. मॅकॉन्कीवर बारीक, रंगहीन. इथेच बहुतेक लॅबचं वाचन संपतं आणि इथेच फसगत होते, कारण या वयात तो दुसऱ्या कुठल्याही नॉनफर्मेंटरसारखा दिसतो.

तीच प्लेट ४८ तासांनी बघा. कॉलनी कोरडी पडू लागते, धातूसारखी चकाकी येते. मॅकॉन्कीवर ती न्यूट्रल रेड शोषून गुलाबीसर होते आणि नवखा माणूस तिला लॅक्टोज फर्मेंटर समजतो. ७२ ते ९६ तासांपर्यंत कडा मुडपतात, वर सुरकुत्या पडतात, मधून कडेकडे जाणाऱ्या चुण्या पडतात. लूपने उचलायला गेलं तर कॉलनी आख्खी सरकते. एकाच प्लेटवर काही कॉलनी गुळगुळीत आणि काही सुरकुतलेल्या दिसल्या तर ‘मिक्स ग्रोथ, कंटॅमिनेशन’ लिहिण्याआधी दोन्ही प्रकार वेगळे काढून तिन्ही डिस्क दोघांवर लावा. एकाच जंतूची अनेक रूपं एका प्लेटवर दिसणं यात नेहमीचं आहे.

ग्रॅमच्या स्लाइडवर बारीक बॅसिलस, टोकं गडद आणि मधला भाग फिका, सेफ्टी पिनसारखा. पण या एका गोष्टीवर मदार ठेवू नका. क्लेब्सिएला, पाश्चुरेला, येर्सिनिया यांच्याही स्लाइडवर असं दिसतं, आणि बर्खोल्डेरियाच्या कित्येक स्लाइडवर दिसत नाही.

मशीन नेमकं कुठे चुकतं

व्हायटेक २ असो की एपीआय २०एनई, ही यंत्रं रासायनिक प्रतिक्रियांची यादी त्यांच्या डेटाबेसमधल्या यादीशी ताडून बघतात. ज्या जंतूचे थोडेच स्ट्रेन डेटाबेसमध्ये आहेत, तिथे एक-दोन प्रतिक्रिया इकडेतिकडे झाल्या की नाव बदलतं. म्हणून स्यूडोमॅलायऐवजी सेपेशिया येतं, कधी क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियम येतं. एपीआय २०एनईच्या स्ट्रिपमध्ये आणखी एक नेहमीची चूक होते: ती सुमारे ३० अंशांवर ठेवायची असते आणि वाचन २४ आणि ४८ तास असं दोनदा करायचं असतं. ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवून २४ तासांतच कोड काढला, तर शर्करा शोषणाच्या खोबण्या अपुऱ्या भरलेल्या असतात आणि कोडच चुकतो.

माल्डी-टॉफची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत २०१२ पासून हा जंतू सर्वाधिक नियंत्रित जैविक घटकांच्या पहिल्या गटात आहे. सुरक्षेशी संबंधित जंतूंचे स्पेक्ट्रम काही यंत्रांच्या नेहमीच्या लायब्ररीत नसतात, ते वेगळ्या लायब्ररीत ठेवलेले असतात. मग यंत्र सगळ्यात जवळचा नातेवाईक शोधतं, तो म्हणजे बर्खोल्डेरिया थायलँडेन्सिस, आणि स्कोअरही चांगला दाखवतं. थायलँडेन्सिस माणसाला क्वचितच आजारी पाडतो. म्हणून रुग्णाच्या रक्तातून किंवा पुवातून हे नाव आलं तर ते ‘स्यूडोमॅलायचा संशय’ असंच वाचायचं. उलट्या बाजूनेही जपावं लागतं: लायब्ररीत स्यूडोमॅलाय घातलं की कधीकधी थायलँडेन्सिससुद्धा त्याच नावाने येतो, म्हणून माल्डीचा निकाल खाली दिलेल्या अरॅबिनोजच्या चाचणीशी जुळतो का ते बघायचंच.

माल्डीच्या प्लेटवर जिवंत कॉलनी थेट फासू नका. कॅबिनेटमध्ये ट्यूबमध्ये इथेनॉलने जंतू मारून, मग ७० टक्के फॉर्मिक आम्ल आणि ॲसिटोनायट्राइलने अर्क काढून तोच लावा.

१६-एस जनुकाचं सिक्वेन्सिंग करून घेतलं तरी गुंता पूर्ण सुटत नाही. ग्लँडर्स या घोड्यांच्या आजाराचा बर्खोल्डेरिया मॅलाय आणि स्यूडोमॅलाय यांचं ते जनुक जवळपास सारखंच असतं. नेमकं बोट ठेवायचं तर टाइप थ्री सिक्रिशन सिस्टिम-१ च्या जनुकावर आधारित पीसीआर करावा. थायलँडेन्सिस त्यात निगेटिव्ह येतो.

सारखे दिसणारे पाच जण आणि त्यांना वेगळं कसं काढायचं

आधी ट्रिपल शुगर आयर्नची बाटली बघा. खालचा भाग पिवळा झाला तर जंतू फर्मेंटर आहे, म्हणजे एरोमोनास, व्हिब्रिओ किंवा क्रोमोबॅक्टेरियमच्या दिशेने जा. खालचा भाग तसाच राहिला, वायू नाही, काळेपणा नाही, तर पुढे वाचा.

बर्खोल्डेरिया सेपेशिया कॉम्प्लेक्स हा सगळ्यात अवघड जुळा भाऊ, कारण जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्हींना तोही दाद देत नाही. फरक दोन ठिकाणी: को-अमॉक्सिक्लावलाही तो सहसा दाद देत नाही, आणि डिकार्बोक्झिलेजच्या बाटल्यांत तो उलटा वागतो. स्यूडोमॅलाय आर्जिनिन पॉझिटिव्ह, लायसिन निगेटिव्ह. सेपेशिया आर्जिनिन निगेटिव्ह, लायसिन बहुधा पॉझिटिव्ह. या बाटल्यांवर निर्जंतुक मिनरल ऑइलचा थर द्यायला विसरलात तर आर्जिनिन खोटं पॉझिटिव्ह दिसतं आणि सगळी मेहनत वाया जाते. सोबत अमिनो आम्ल नसलेली कंट्रोल बाटली ठेवा.

स्यूडोमोनास स्टट्झेराय कॉलनी बघणाऱ्याला फसवतो, कारण तोही कोरडा आणि सुरकुतलेला असतो. पण त्याला कोलिस्टिन लागू पडतं, आणि आर्जिनिन व जिलेटिन दोन्ही निगेटिव्ह येतात. स्यूडोमॅलायमध्ये ही दोन्ही पॉझिटिव्ह.

स्यूडोमोनास एरुजिनोसाचे हिरवा रंग न देणारे स्ट्रेन आर्जिनिनवर फसवतात. ४२ अंशांवरची वाढसुद्धा दोघांना वेगळं करत नाही, दोघेही वाढतात. इथे कोलिस्टिन आणि को-अमॉक्सिक्लाव यांच्यावरच भिस्त.

क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियमचे जांभळा रंग नसलेले स्ट्रेन असतात आणि त्यांनाही कोलिस्टिन लागू पडत नाही. पण ते ग्लुकोज फर्मेंट करतात आणि जेंटामायसिनला दाद देतात.

थायलँडेन्सिससाठी एल-अरॅबिनोज: तो ती शर्करा वापरतो, स्यूडोमॅलाय वापरत नाही. एपीआय २०एनईमध्ये अरॅबिनोजची खोबण असतेच, ती ४८ तासांनी नीट बघा.

हाताशी असेल तर लॅटेक्स ॲग्लुटिनेशन सगळ्यात सोयीचं. बँकॉकच्या माहिडोल विद्यापीठात तयार झालेल्या मोनोक्लोनल अँटिबॉडीवर आधारलेली ही चाचणी कॉलनीवर एक-दोन मिनिटांत होते. कॅप्सूलमधली पॉलिसॅकराइड पकडणारी लॅटरल फ्लो पट्टीही मिळते. ती कॉलनीवर किंवा पॉझिटिव्ह आलेल्या ब्लड कल्चरच्या बाटलीवर चांगली चालते, पण थेट रुग्णाच्या रक्तावर लावून निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं समजू नका. रक्तात जंतूंची संख्या फार कमी असते.

मुळात सॅम्पलच अपुरं असेल तर

कित्येकदा ओळखण्यापेक्षा वाढण्यातच अडचण असते. कल्चर हीच पक्की चाचणी असली तरी सगळ्या रुग्णांतले सुमारे ६० टक्केच ती पकडते. म्हणून संशय असेल तर एका सॅम्पलवर थांबायचं नाही. ब्लड कल्चर प्रौढांत दोन सेट, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. पू, थुंकी, सेंट्रिफ्यूज केलेल्या लघवीचा गाळ, घशाचा स्वॅब आणि गुदद्वाराचा स्वॅब, सगळं घ्या. हा जंतू शरीरावर नेहमी नांदणाऱ्यांपैकी नाही, त्यामुळे घशाच्या स्वॅबमधून आला तरी तो आजाराचाच पुरावा धरायचा.

छातीच्या फोटोत वरच्या भागात सावली आहे, थुंकीत टीबीचे जंतू नाहीत, आणि तरी टीबीची औषधं चालू आहेत पण ताप उतरत नाही, असा रुग्ण किनारपट्टीच्या जिल्ह्यांत दिसला तर थुंकी या दृष्टीने आवर्जून लावा. नेहमीच्या ब्लड आणि मॅकॉन्कीवर तोंडातले इतर जंतू इतके माजतात की हा हळू वाढणारा जंतू त्यांच्याखाली दडपून जातो. त्यासाठी ॲशडाउन अगार.

ॲशडाउन अगार घरच्या घरी (१ लिटर)

ट्रिप्टिकेज सोय ब्रॉथ १० ग्रॅम
अगार १५ ग्रॅम
ग्लिसरॉल ४० मिली
क्रिस्टल व्हायोलेट ०.१ टक्का द्रावण ५ मिली
न्यूट्रल रेड १ टक्का द्रावण ५ मिली
डिस्टिल्ड पाणी, एकूण १ लिटर होईपर्यंत

१२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. बाटली हाताला सोसवेल इतकी, म्हणजे ५० अंशांच्या आसपास निवली की जेंटामायसिन ४ मिलिग्रॅम घाला, हलकेच फिरवा आणि ओता. गरम असतानाच औषध घातलं किंवा नीट मिसळलं नाही, तर काही प्लेटवर सगळंच वाढतं आणि काहींवर काहीच नाही. ग्लिसरॉल दाट असल्याने पिपेटला चिकटून राहतं. म्हणून ते मोजपात्रातून ओता आणि तेच पात्र थोड्या पाण्याने धुऊन ते पाणीही त्यात घाला. ग्लिसरॉल कमी पडलं की कॉलनीला सुरकुत्या पडायला उशीर होतो.

प्रत्येक बॅच तपासा: सेपेशियाचा एक ओळखीचा स्ट्रेन वाढायला हवा, ई. कोलायचा जेंटामायसिनला दाद देणारा स्ट्रेन वाढता कामा नये. कंट्रोलसाठी स्यूडोमॅलाय सांभाळायची गरज नाही, विनाकारण धोका कशाला. ॲशडाउन बनवणं जमत नसेल तर बर्खोल्डेरिया सेपेशियासाठी विकत मिळणाऱ्या निवडक अगारवरही हा वाढतो, फक्त रंगरूप वेगळं दिसतं.

थुंकी, घसा आणि गुदद्वाराच्या स्वॅबसाठी सोबत द्रव माध्यमही ठेवा: वरचंच मिश्रण अगार, न्यूट्रल रेड आणि जेंटामायसिन वगळून, त्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅम कोलिस्टिन. स्वॅब त्यात बुडवून ४८ तास ठेवा, मग वरच्या थरातला एक लूप ॲशडाउनवर ओढा. खालचा गाळ घेऊ नका. हा जंतू हवेच्या बाजूला, वरच्या पापुद्र्यात जास्त असतो.

प्लेट ३७ अंशांवर, रोज बघायच्या, किमान ४ दिवस, शक्य तर ७ दिवस. २४ तासांत टाचणीच्या टोकाएवढे जांभळट ठिपके दिसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते कोरडे, जांभळे, चुण्या पडलेल्या फुलासारखे होतात. इन्क्युबेटर कोरडा असेल तर ७ दिवसांत प्लेट तडकते, तळाशी पाण्याचं भांडं ठेवा.

सेन्सिटिव्हिटी वाचताना होणाऱ्या तीन चुका

पहिली चूक डिस्कच्या मात्रेची. स्यूडोमॅलायसाठी डिस्कचे झोन युकास्ट या युरोपीय मानक समितीने २०२० साली दिले. त्यात सेफ्टाझिडीम १० मायक्रोग्रॅमच्या डिस्कसाठी १८ मिमीपेक्षा कमी म्हणजे रेझिस्टंट. आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये सीएलएसआय या अमेरिकी मानक संस्थेच्या पद्धतीची ३० मायक्रोग्रॅमची डिस्क असते. तिचा झोन साहजिकच मोठा येतो, आणि युकास्टचा आकडा तिला लावला तर रेझिस्टंट स्ट्रेन सुटून जातो. मेरोपेनेम १० मायक्रोग्रॅमसाठी २४ मिमी आणि त्याहून जास्त असेल तर संवेदनशील.

दुसरी चूक ‘आय’ या अक्षराची. युकास्टच्या तक्त्यात सेफ्टाझिडीम, को-अमॉक्सिक्लाव आणि को-ट्रायमोक्साझोल यांच्यासाठी संवेदनशीलची रेषा मुद्दाम ५० मिमीवर ठेवली आहे, म्हणजे नेहमीचे स्ट्रेनही ‘आय’ मध्येच पडावेत म्हणून. तिथे ‘आय’ चा अर्थ ‘जास्त मात्रेत द्या, लागू पडेल’ असा. रिपोर्टवर नुसतं ‘आय’ छापलं तर वॉर्डातले डॉक्टर त्याला मधलं-अधलं समजून औषध बदलतात आणि रुग्णाचं नुकसान होतं. शेजारी एक ओळ मराठीत किंवा इंग्रजीत, कशीही, पण लिहाच: पूर्ण मात्रेत वापरता येईल.

तिसरी को-ट्रायमोक्साझोलची. डिस्कभोवती झोन असतो, पण त्यात धुक्यासारखी पातळ वाढ दिसते आणि वाचणारा ‘रेझिस्टंट’ लिहितो. धुकं सोडून स्पष्ट कडा जिथे दिसते तिथे मोजा. तरीही रेझिस्टंट वाटलं तर ई-टेस्टच्या पट्टीने एमआयसी (वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) काढा आणि ८० टक्के वाढ थांबलेल्या ठिकाणी वाचा. हे काळजीने करायचं कारण पुढचे किमान ३ महिने रुग्णाला तोंडाने द्यायचं मुख्य औषध हेच आहे. चुकून रेझिस्टंट लिहिलं तर त्याच्या हातून सगळ्यात चांगलं औषध जातं.

रिपोर्टमध्ये सेफ्टाझिडीम, मेरोपेनेम किंवा इमिपेनेम, को-अमॉक्सिक्लाव, को-ट्रायमोक्साझोल आणि डॉक्सिसायक्लिन एवढंच द्या. सेफ्ट्रायॲक्सोनचा झोन दिसला तरी लिहू नका, त्याने रुग्ण बरे होत नाहीत आणि मृत्यू जास्त होतात असं दिसलेलं आहे. एर्टापेनेम आणि सिप्रोफ्लॉक्सासिनही नाही. स्यूडोमोनासचं पॅनेल जसंच्या तसं छापलं की सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर ‘एस’ (संवेदनशील) दिसतं आणि स्वस्त गोळी म्हणून तीच चालू होते.

जवळच फिरणारा दुसरा धोका: ब्रुसेला

स्लाइडवर बॅसिलसऐवजी अगदी बारीक, वाळूच्या कणांसारखे कोकोबॅसिलाय दिसले, कॉलनी ४८ तासांनी कशीबशी दिसू लागली, मॅकॉन्कीवर बहुतेक काही नाही, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह आणि युरियाचा रंग काही मिनिटांत किंवा थोड्या तासांत बदलला, तर तिथेच थांबा. मशीनमध्ये टाकू नका. यंत्रं ब्रुसेलाला ओक्रोबॅक्ट्रम किंवा मोरॅक्सेला म्हणतात, आणि तोवर सस्पेन्शन बनवताना एरोसोल हवेत गेलेलं असतं. गोठ्यात काम करणारे, कच्चं दूध पिणारे, व्यायलेल्या गाई-म्हशींचे वार हाताळणारे रुग्ण असतील तर सॅम्पलच्या फॉर्मवर हे लिहून येईल अशी व्यवस्था वॉर्डाशी बोलून करा.

नाव कसं द्यायचं आणि कोणाला कळवायचं

ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, तीन डिस्कचा नमुना जुळला, आर्जिनिन पॉझिटिव्ह आणि लायसिन निगेटिव्ह, किंवा लॅटेक्स पॉझिटिव्ह: एवढ्यावर पहिला रिपोर्ट द्यायला हरकत नाही. फोन आधी, कागद नंतर. ‘बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलायची दाट शक्यता, पक्की ओळख चालू’ असं सांगा आणि रुग्णाला सध्या काय चालू आहे ते विचारा. सेफ्ट्रायॲक्सोन किंवा जेंटामायसिन चालू असेल तर पक्क्या ओळखीची वाट न बघता सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेमवर जाण्याबद्दल त्यांच्याशी बोला. शिरेतून किमान १० ते १४ दिवस, हाडात किंवा खोल गळू असेल तर अधिक, आणि त्यानंतर को-ट्रायमोक्साझोल. सीटी स्कॅनमध्ये यकृत, प्लीहा आणि पुरुषांत प्रोस्टेट बघितलं का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

रंगून इथे १९११ मध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी हा जंतू पहिल्यांदा वेगळा काढला, तेव्हा तो ग्लँडर्सचाच असावा असं वाटण्यासारखं सगळं होतं. ग्लँडर्सचा जंतू हलत नाही आणि हा हलतो, शिवाय माध्यमावर त्याच्यापेक्षा झपाट्याने वाढतो, यावरून त्यांनी तो वेगळा असल्याचं ओळखलं. हँगिंग ड्रॉपची ती तपासणी आजही उपयोगी आहे, फक्त ती कॅबिनेटमध्ये करायची. १९९२ पर्यंत तो स्यूडोमोनास वंशातच मोजला जायचा. त्यामुळे लॅबच्या भिंतीवर जुना तक्ता लावलेला असेल तर त्यात तो स्यूडोमोनासच्याच रांगेत सापडेल, आणि नव्या टेक्निशियनला तेच बरोबर वाटेल. तक्ता बदला.

पक्क्या ओळखीसाठी दुसऱ्या लॅबला पाठवताना कॉलनी न्यूट्रिअंट अगारच्या स्क्रू झाकणाच्या तिरप्या बाटलीत घ्या, प्लेट पाठवू नका. या जंतूचं कल्चर आंतरराष्ट्रीय नियमांत युएन २८१४, म्हणजे ‘ए’ (जास्त धोक्याच्या) वर्गात येतं. रुग्णाचं साधं सॅम्पल मात्र युएन ३३७३ मध्ये. कुरिअरच्या माणसाला दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून खोक्यावरचं लेबल स्वतः तपासा, तिहेरी पॅकिंग करा आणि घेणाऱ्या लॅबला पार्सल निघायच्या आधी फोन करून त्यांच्याकडे कोण उघडणार आहे ते विचारून ठेवा. आपल्याकडचा स्ट्रेन २० टक्के ग्लिसरॉलच्या ब्रॉथमध्ये उणे ७० अंशांवर, कुलूपबंद फ्रीझरमध्ये ठेवा, बाटलीवर नाव आणि तारीख पेन्सिलने लिहा. मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते. बाकीच्या प्लेट त्याच दिवशी ऑटोक्लेव्हमध्ये.